जवस, सोयाबीन, एरंडीच्या तेलातून पॉलिमरचा कच्चा माल कसा काढायचा

आपल्याकडं तेलाबद्दल दोनच प्रश्न विचारतात, उतारा किती आणि भाव किती. तिसरा प्रश्न विचारणारा गावात सापडत नाही, तो म्हणजे ह्या तेलात डबल बाँड, म्हणजे दोन कार्बनमधल्या दुहेरी जोडण्या, किती. पेंटवाला, रेझिनवाला, फोमवाला, मऊ पीव्हीसीच्या नळ्या बनवणारा, ह्या सगळ्यांना तेलातून जे पाहिजे असते ते हेच, त्यांना ना वास पाहिजे ना चव. आणि हे मोजता येते, साध्या कॉलेजच्या लॅबमधे मोजता येते, आणि मोजल्यावर त्याच लॅबमधे त्या तेलाचं पॉलिमरच्या कामाचं रसायन पण बनवता येते. ते कसं करायचं ते इथं लिहितो. बीएस्सी केमिस्ट्रीची पोरं, त्यांचे सर, आणि ज्यांच्या शेतकरी कंपनीत एक्सपेलर, म्हणजे बी दाबून तेल काढायचं मशीन, बसवला आहे पण तेल डब्यात भरून विकण्यापलीकडं काही सुचत नाही असे लोकं, ह्यांच्यासाठी आहे. घरी काय करायचं आणि लॅबमधेच काय करायचं ते जागोजागी सांगतो, तेवढं मात्र पाळा बाप्पा.

आधी तेल म्हणजे काय ते. कोणत्याही तेलाचा रेणू तिफणीसारखा असतो, वर ग्लिसरॉलची दांडी आणि खाली फॅटी अॅसिडचे तीन फण. आता हे फण साधे सरळ असले, जसे खोबऱ्याच्या तेलात, तर त्यांना पकडायला जागाच नाही, ह्या पद्धतीनं पॉलिमर करायला ते तेल निरुपयोगी. फणावर मधे मधे डबल बाँड असले तर तिथं ऑक्सिजन जोडता येतो, मग त्या ऑक्सिजनच्या जागी दुसरं काही जोडता येते, आणि असे रेणू एकमेकांना बांधत गेले की पातळ तेलाचा घट्ट पदार्थ होतो, तोच पॉलिमर. बस, एवढीच सगळी केमिस्ट्री आहे, बाकी सगळं टेंपरेचर सांभाळणं आणि धुणं.

डबल बाँड मोजायचं माप म्हणजे आयोडीन व्हॅल्यू, १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पिते तो आकडा. जवसाचं तेल १७० ते १९० किंवा त्याच्याही वर, करडई साधारण १३५ ते १५०, सोयाबीन १२० ते १४०, सरकी १०० ते ११५ च्या आसपास, आणि मोहाचं म्हणजे टोरीचं तेल ६० ते ७० मधेच अडकते. म्हणून गडचिरोली-गोंदियाकडचे कोणी विचारतात की टोरीच्या तेलाचं हे होईल का, तर भाऊ, साबणाला उत्तम आहे, ह्या कामाला नाही. करंजीचं तेल पण तसंच, मधलं आहे, त्याच्यामागं लागू नका. एरंडी वेगळी आहे, तिची आयोडीन व्हॅल्यू ८५ च्या आसपासच असते पण तिच्यात दुसरीच गंमत आहे, ती शेवटी सांगतो.

माझं मत विचाराल तर विदर्भात ह्या कामाचं खरं तेल जवसाचंच. आपल्या झाडीपट्टीत धान कापायच्या आधी उभ्या बांधीत ओलीवर जवस अन् लाखोळी फेकायची पद्धत आहेच, उतेरा म्हणतात त्याला, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालते आणि पीकेव्ही एनएल २६० हे वाण तिथूनच आलं. जवसात साधारण निम्मं फॅटी अॅसिड लिनोलेनिक असते, म्हणजे एका फणावर तीन तीन डबल बाँड. सोयाबीन आपल्याकडं ढिगानं आहे पण दाण्यात तेल १८-२० टक्केच, त्यामुळं घाणीला परवडत नाही, ते सॉल्व्हंट प्लांटचंच काम. तरी पहिल्यांदा शिकताना सोयाबीनच घ्या असं सांगेन, काहून का किराणा दुकानातलं रिफाइंड सोयाबीन तेलाचं पाकीट म्हणजे गोंद काढलेलं, अॅसिड काढलेलं, सुकवलेलं तेल आयतं हातात येते आणि चार गोष्टी एकाच वेळी बिघडत नाहीत. हात बसला की मंग जवसाकडं वळा.

घरी करून पाहायची पहिली टेस्ट

लॅबच्या आधी हे करा, खर्च शून्य. घरातली फुटकी टाइल किंवा काचेचे तुकडे साबणानं धुऊन कोरडे करा. एकावर जवसाचं तेल, एकावर सोयाबीन, एकावर एरंडी, असं बोटानं एकदम पातळ चोळा, इतकं पातळ की तेल आहे हे फक्त चमकेवरून कळावं. नाव लिहून सावलीत हवेशीर जागी ठेवून द्या आणि रोज एकदा कोपऱ्याला बोट लावून पाहा. जवस काही दिवसातच चिकट होते, मग बोटाला लागत नाही, आणि नंतर नखानं खरवडलं तर पिवळसर पापुद्रा निघतो. तो पापुद्रा म्हणजे पॉलिमर. हवेतल्या ऑक्सिजननं डबल बाँडच्या बाजूला हल्ला केला आणि रेणू एकमेकाला बांधल्या गेले, तेल वाळलं म्हणतो आपण पण ते पाण्यासारखं उडून गेलं नाही, उलट वजन थोडं वाढलं. सोयाबीन लय दिवस चिकटच राहते, एरंडी तर तशीच ओली. जाड थर लावला की वरून साय धरते, सुरकुत्या पडतात आणि आतमधे ओलंच राहते, तेही एका तुकड्यावर मुद्दाम करून पाहा. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसानं पेंटच्या डब्यावरची हीच साय पाहून लिनोलियमची फरशी काढली, १८६३ चं पेटंट आहे त्याचं.

एक गोष्ट मात्र गंमत नाही. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना उष्णता निघते, बोळ्याच्या आत ती अडकते आणि चिंधी आपोआप पेट घेते, काडी न लावता. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या शेडमधे तर विचारूच नका. चिंधी पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर उघड्यावर एकेक पसरून वाळवा, मंग टाका.

तेल तपासणं

इथून पुढं लॅब. घाणीचं किंवा एक्सपेलरचं तेल असेल तर आधी चार-पाच दिवस निवळू द्या, तळाला गाळ बसतो, वरचं कापडातून गाळून घ्या. मग ७० डिग्रीपर्यंत गरम करून २-३ टक्के कोमट पाणी घालून हळूहळू ढवळा, गोंद पाणी पिऊन फुगतो आणि खाली बसतो. हा गोंद म्हणजे फॉस्फेटाइड, तो राहिला तर पुढं धुताना तेल अन् पाण्याचं असं पांढरं दूध होते की दोन दिवस वेगळं होत नाही. गोंद काढला की तेल ९०-१०० डिग्रीला थोडा वेळ ठेवून पाणी उडवा, फसफस थांबली म्हणजे झालं.

अॅसिड व्हॅल्यू काढा, म्हणजे तेलात सुटं झालेलं अॅसिड किती ते. ५ ग्रॅम तेल, न्यूट्रल केलेलं अल्कोहोल, फिनॉल्फ्थॅलिन, आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेशन, गुलाबी रंग टिकेपर्यंत. ५६.१ गुणिले मिली गुणिले नॉर्मॅलिटी भागिले वजन. समजा २.७ मिली लागले तर उत्तर येते ३ च्या आसपास, म्हणजे फ्री फॅटी अॅसिड साधारण दीड टक्का, चालेल. ६-७ च्या वर गेलं तर बी जुनं होतं किंवा ओलं साठवलं होतं समजा, ते तेल आधी सौम्य कॉस्टिकनं धुवावं लागते नाहीतर सरळ दुसरं घ्या. आपल्याकडं पावसात भिजलेल्या सोयाबीनचं तेल असंच निघते.

मग मुख्य, आयोडीन व्हॅल्यू, विज (Wijs) पद्धत, हे माणसाचं नाव आहे, लाइटची वीज नव्हे. ०.२ ग्रॅमच्या आसपास तेल अचूक तोलून सायक्लोहेक्झेनमधे विरघळवा, २५ मिली विज सोल्यूशन (अॅसेटिक अॅसिडमधलं आयोडीन मोनोक्लोराइड, तयार मिळते) घाला, बूच लावून अंधारात ठेवा, सोयाबीनला अर्धा तास, जवसाला एक तास. नंतर पोटॅशियम आयोडाइड अन् पाणी घालून ०.१ नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेट करा, पिवळा रंग फिका झाला की स्टार्च. तेल न घालता एक ब्लँक पण करायचाच. ब्लँकला ४८ मिली लागले, सँपलला २७.५, फरक २०.५. आता २०.५ गुणिले ०.१ गुणिले १२.६९ भागिले ०.२ म्हणजे १३० आले. हे तुमचं सोयाबीन. विज सोल्यूशन अंगावर पडलं तर भाजते, पिपेट तोंडानं ओढायची नाही, आपल्याकडं अजून ओढतात म्हणून लिहिलं.

हा आकडा फक्त प्रयोगापुरता नाही. समजा शुद्ध जवस तेल १८० चं, सरकीचं १०८ चं, आणि व्यापाऱ्यानं दिलेलं जवस तेल १५५ निघालं, तर हिशोब लावा, जवळपास तिसरा हिस्सा सरकी मिसळली असू शकते, किंवा तेल उघडं राहून जुनं झालं. दोन्हीपैकी काही असलं तरी घ्यायचं नाही. आणि उलट बाजूनं, तुमच्या शेतकरी कंपनीचं तेल १८५ चं असेल तर डब्यावर ते छापा, पेंट-रेझिनवाला ज्या आकड्यावर माल घेतो तो आकडा तुम्हाला माहीत नसेल तर तो सांगेल तो भाव. नागपूरच्या एलआयटीत ऑइल टेक्नॉलॉजी आणि सरफेस कोटिंग दोन्ही शिकवतात, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण ह्यांच्या देणगीतून १९४२ मधे निघालेली संस्था आहे ती, त्यामुळं ह्या विषयाची माणसं आपल्याजवळच आहेत, त्यासाठी मुंबईलाच गेलं पाहिजे असं काही नाही.

इपॉक्सी करणं

आता मुख्य काम. डबल बाँडच्या जागी ऑक्सिजनचा त्रिकोण बसवायचा, त्याला इपॉक्साइड म्हणतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अॅसेटिक अॅसिड मिळून फ्लास्कमधेच परअॅसेटिक अॅसिड थोडं थोडं बनते, ते आपला ऑक्सिजन तेलाला देते आणि परत अॅसेटिक अॅसिड होते, म्हणून अॅसिड कमी लागते अन् पेरॉक्साइड जास्त. परअॅसिड वेगळं बनवून ठेवायचं नाही, कधीच नाही.

हिशोब पाहा, तोच सगळ्यात महत्त्वाचा. आयोडीन व्हॅल्यू १३० ला आयोडीनच्या रेणूभारानं म्हणजे २५३.८ नं भागा, १०० ग्रॅम तेलात ०.५१२ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, डझनसारखं) डबल बाँड आले. आपण ५० ग्रॅमवर करणार, म्हणजे ०.२५६ मोल. अॅसेटिक अॅसिड त्याच्या निम्मं, ७.७ ग्रॅम ग्लेशियल. पेरॉक्साइड दीडपट, ०.३८४ मोल, म्हणजे ३० टक्क्याचं ४३.५ ग्रॅम. मेडिकलमधे मिळते ते ६ टक्क्याचं, त्याच्यात पाणीच जास्त, काम होत नाही, आणि ते आटवून घट्ट करायच्या भानगडीत बिलकुल पडू नका. ३० टक्क्याचं लॅब सप्लायरकडून कॉलेजच्या नावानं येते, त्याचं झाकण हवा जाईल असं असते ते बदलू नका, आणि थंड अंधाऱ्या जागी ठेवा. जवस घेतलं तर १८० प्रमाणे सगळं पुन्हा काढा, ५० ग्रॅमला ०.३५५ मोल येतात, त्यानुसार बाकी.

कॅटॅलिस्ट म्हणून, म्हणजे क्रिया लवकर व्हावी म्हणून, सल्फ्युरिक अॅसिड लोकं वापरतात पण त्यानं बनलेला त्रिकोण उघडून जातो, म्हणून अॅसिडिक आयन एक्स्चेंज रेझिन बरं, अँबरलाइट आयआर १२० सारखं, तेलाच्या २० टक्के म्हणजे १० ग्रॅम. नाही मिळालं तर पाण्याच्या सॉफ्टनरमधे जे पिवळे दाणे असतात ते त्याच जातीचे, फक्त सोडियमवर असतात, त्यांना १० टक्के हायड्रोक्लोरिक अॅसिडमधे दोन-तीनदा भिजवून डिस्टिल्ड पाण्यानं लिटमस लाल होणं थांबेपर्यंत धुवा, चालतात.

मांडणी अशी. २५० मिलीचा तीन तोंडी फ्लास्क, वॉटर बाथमधे. एका तोंडात थर्मामीटर, एकात ड्रॉपिंग फनेल, मधून वरून फिरणारा काचेचा किंवा टेफ्लॉनचा स्टरर. मॅग्नेटिक स्टरर नको, तो रेझिनचे दाणे दळून पीठ करतो आणि मग गाळता येत नाही. कंडेन्सर लावायचा असेल तर वरून उघडा, सिस्टिम कुठंही बंद नको. लोखंड, तांबं, पितळ, गंज, काहीही पेरॉक्साइडला लागू द्यायचं नाही, त्यानं ते एकदम फुटून ऑक्सिजन सोडते. फ्यूम हूड, गॉगल, हातमोजे, आणि सर हजर. हे घरी करायचं नाही, गोठ्यात नाही, शेडमधे नाही.

फ्लास्कमधे तेल, अॅसेटिक अॅसिड, रेझिन. ढवळत ढवळत ४०-४५ डिग्रीवर आणा. आता पेरॉक्साइड थेंब थेंब, सगळं संपायला एक ते दीड तास लागला पाहिजे, आणि आतलं टेंपरेचर ह्या वेळात ५५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. एवढा जीव का काढायचा ते आकड्यात सांगतो. एक मोल डबल बाँडचं इपॉक्साइड होताना जवळपास २३० किलोज्यूल उष्णता निघते. आपल्या ०.२५६ मोलची झाली ५९ किलोज्यूल, म्हणजे शून्य डिग्रीचं १४० मिली पाणी उकळीला न्यायला पुरेल एवढी, आणि फ्लास्कमधला सगळा मालच १०० ग्रॅमच्या आसपास. सगळं पेरॉक्साइड एकदम ओतलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. म्हणूनच पहिल्यांदा ५० ग्रॅमच, अर्धा किलोचा मोह नको, आणि फॉर्मिक अॅसिड लवकर होते म्हणून ते वापरायचा मोह तर अजिबातच नको.

आता आपल्याकडची खास अडचण, लाइन. पेरॉक्साइड टाकणं सुरू आहे आणि लाइन गेली, स्टरर थांबला, तर सगळ्यात आधी फनेलचा कॉक बंद करा. ढवळणं थांबलं की तेल वर, पाणी खाली, पेरॉक्साइड नुसतं साचत जाते, आणि लाइन आल्यावर स्टरर एकदम सुरू झाला की साचलेलं सगळं एकाच वेळी लागते. बाथ काढून बर्फाचं पाणी लावा, लाइन आली की थंड असतानाच हळूहळू ढवळणं सुरू करा, टेंपरेचर पाहा, मंग बाथ, मंग थेंब. इन्व्हर्टरवर स्टरर जोडता आला तर सगळ्यात चांगलं. आणि हे काम दिवाळीनंतर थंडीत करा, उन्हाळ्यात टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असते की ते थंड करायच्या कामाचं राहत नाही, मग बर्फाची लादी आणत बसावं लागते.

पेरॉक्साइड संपलं की ६० डिग्रीवर आणा आणि ६-७ तास तसंच ठेवा. ६५ च्या वर चढायला लागलं तर बाथ काढा, बर्फ लावा, उतरू द्या. दर तासाला थोडंसं काढून धुऊन आयोडीन व्हॅल्यू पाहिली तर १३० वरून कशी उतरत जाते ते डोळ्यांसमोर दिसते, पोरांना हे दाखवण्यासारखं आहे. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त चांगलं असं मात्र नाही, एका ठिकाणानंतर त्रिकोण बनण्यापेक्षा उघडायलाच लागतात.

धुणं आणि मोजणं

गार करा, काचेच्या लोकरीतून रेझिन गाळून काढा, माल सेपरेटिंग फनेलमधे. खालचं पाणी सोडा. ४०-४५ डिग्रीच्या पाण्यानं धुवा, मग ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटनं, ह्यावेळी गॅस होतो तर फनेलचा कॉक दर हलवणीला उघडून हवा सोडा, मग मिठाच्या पाण्यानं, पीएच पेपर न्यूट्रल दाखवेपर्यंत. दूध झालं तर मीठ वाढवा आणि चहा पिऊन या, घाई करून काही होत नाही. नंतर स्टार्च आयोडाइड पेपर लावून पाहा, निळा झाला तर पेरॉक्साइड शिल्लक आहे, सोडियम सल्फाइटच्या पातळ पाण्यानं एकदा धुवा. हा पेपर साफ येईपर्यंत माल गरम करायचा नाही. शेवटी कोरडं सोडियम सल्फेट टाकून रात्रभर ठेवा, गाळा.

आणि भांडी धुताना अॅसीटोन वापरायचं नाही! आपल्या पोरांना काचेचं भांडं दिसलं की अॅसीटोन ओतायची सवय असते. पेरॉक्साइड, अॅसिड आणि अॅसीटोन एकत्र आले की स्फोटक पदार्थ होऊ शकतो. त्या दिवशी अॅसीटोनची बाटली खोलीच्या बाहेरच ठेवा. साबण अन् गरम पाणी पुरते.

आता किती जमलं ते मोजा. ०.४ ग्रॅम माल ग्लेशियल अॅसेटिक अॅसिडमधे, क्रिस्टल व्हायोलेटचे थेंब, आणि अॅसेटिक अॅसिडमधलं ०.१ नॉर्मल हायड्रोजन ब्रोमाइड, रंग निळसर हिरवा होऊन अर्धा मिनिट टिकेपर्यंत. हे ब्रोमाइडचं द्रावण ठेवल्या ठेवल्या कमजोर होते, त्याच दिवशी स्टँडर्डाइज करा. ऑक्सिरेन ऑक्सिजन, म्हणजे त्रिकोणात बसलेल्या ऑक्सिजनचा टक्का, बरोबर १.६ गुणिले नॉर्मॅलिटी गुणिले मिली भागिले वजन. १६.२ मिली लागले तर ६.४८ टक्के. आयोडीन व्हॅल्यू १३० च्या तेलात एकही डबल बाँड न सोडता झालं असतं तर ७.५७ टक्के आलं असतं, म्हणजे तुमचं काम ८५-८६ टक्के झालं. पहिल्यांदा ५ आलं तरी नाराज होऊ नका. बाजारातलं इपॉक्सी सोयाबीन तेल साडेसहा-सात टक्क्याचं असते, इपॉक्सी जवस तेल नऊच्या आसपास. माल तेलापेक्षा घट्ट, फिका पिवळा, वास जवळजवळ नाही.

ह्याचं पुढं काय

कारखान्यात ह्या मालाचा सगळ्यात मोठा उपयोग पीव्हीसी मऊ करायला आणि टिकवायला होतो, पीव्हीसी तापल्यावर जे हायड्रोक्लोरिक अॅसिड सोडते ते हे इपॉक्साइड पिऊन घेते. पण तिथं मोठे प्लांट बसले आहेत, टनानं बनवतात, भावात तुम्ही-आम्ही टिकणार नाही, त्यामुळं कोणी प्रोजेक्ट रिपोर्टमधे हे दाखवून कर्ज काढायला सांगत असेल तर दोनदा विचार करा. आपल्याला ह्याच्यातून पॉलिमर करून पाहायचं आहे, आणि ते लिंबूसत्वानं होते, त्यात विषारी असं काही नाही.

१० ग्रॅम माल घ्या, ६.४८ टक्क्याचा. त्यात इपॉक्साइड ०.०४ मोल. लिंबूसत्वाच्या रेणूला तीन अॅसिडचे हात, म्हणून २.६ ग्रॅम पुरते, ओलसर खड्याचं असेल तर २.८. लिंबूसत्व तेलात विरघळत नाही, म्हणून आधी ८-१० मिली इथेनॉलमधे कोमट करून विरघळवा, मग माल घालून वॉटर बाथवर ढवळत राहा, उघडी ज्योत जवळ नको, अल्कोहोल उडत जाते आणि काकवीसारखं घट्ट होते. लवकर घट्ट झालं तर लवकरच साच्यात ओता, सिलिकॉनचा केकचा साचा चालतो, थर २-३ मिमीचाच ठेवा नाहीतर बुडबुडे अडकतात. अल्कोहोल पूर्ण गेल्यावरच ओव्हनमधे, आधी तासभर १०० ला, मग १२० ला बोटाला चिकटणं थांबेपर्यंत, काही तास लागतात. निघते ते पिवळसर, आरपार दिसणारं, रबरासारखं वाकणारं पान, परत वितळत नाही आणि इथेनॉलमधे टाकलं तर विरघळत नाही. जवसाच्या मालाचं केलं तर जास्त कडक निघते कारण गाठी जास्त. दोन्ही शेजारी ठेवून वाकवून पाहा, आयोडीन व्हॅल्यू काय चीज आहे ते हाताला कळते.

बाकी रस्ते थोडक्यात सांगतो. मेथॅनॉलनं त्रिकोण उघडला की पॉलिऑल होते, म्हणजे बरेच हायड्रॉक्सिल (ओएच) हात असलेला रेणू, त्याचा आयसोसायनेटबरोबर फोम किंवा पॉलियुरेथेन. अॅक्रिलिक अॅसिडनं उघडला की यूव्हीखाली वाळणारं कोटिंग. हे दोन्ही चांगल्या लॅबशिवाय नको, आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला एकदा लागली की माणूस आयुष्यभर तिला अॅलर्जिक होऊ शकतो.

आणि एरंडी. तिच्या फॅटी अॅसिडमधे ८५-९० टक्के रिसिनोलेइक, त्याच्या फणावर निसर्गानंच हायड्रॉक्सिल लावून ठेवला आहे, म्हणजे जे पॉलिऑल करायला वर एवढी उठाठेव लागली ते धुऱ्यावरची एरंडी आयतं देते. हायड्रॉक्सिल व्हॅल्यू १६० च्या वर, फक्त पाणी नीट उडवून टाकायचं. नायलॉन ११ हे प्लास्टिक पूर्ण एरंडीच्या तेलातूनच बनते, नायलॉन ६१० मधलं सेबॅसिक अॅसिड पण त्यातलंच, आणि जगात एरंडी सगळ्यात जास्त आपल्या देशात, त्यातही गुजरातेत. आपल्याकडं मात्र धुऱ्यावर उभी राहून वाळते. लावाल तर एवढं ध्यानात ठेवा की एरंडीची ढेप विषारी असते, ढोरांसमोर टाकायची नाही, सरकीच्या ढेपीजवळ पोती रचायची पण नाही, खतात घालायची तर हातमोजे घालून आणि ढोरं-कुत्री पोचणार नाहीत अशी मातीत गाडून.

उरलेल्या सामानाचं असं करा. पेरॉक्साइडचं धुतलेलं पाणी बूच लावलेल्या बाटलीत भरून ठेवू नका, बाटली फुगून फुटते, सल्फाइट घालून पेपर साफ आला की भरपूर पाण्याबरोबर सोडा. वापरलेलं रेझिन पाण्यानं धुऊन ओलंच बरणीत ठेवा, पुन्हा वापरता येते. आणि इपॉक्सी तेलाच्या बाटलीवर तेलाचं नाव, आयोडीन व्हॅल्यू आधीची अन् नंतरची, ऑक्सिरेनचा टक्का आणि तारीख, एवढं पेन्सिलीनं लिहा, पेननं लिहिलेलं तेलकट हातानं पुसून जाते.